नुकसान कोणाच्या पदरी? : नांदेड-लातूरच्या व्यवहारातील अपकृत्य कायदा

भारतात करार, मालविक्री, भागीदारी, हुंडी-धनादेश अशा व्यापाराच्या बहुतेक अंगांसाठी लिखित कायदे आहेत. परंतु दोन पक्षांत कसलाही करार नसताना एकाच्या कृतीने किंवा हयगयीने दुसऱ्याचे नुकसान झाले, तर ते कोणी आणि किती भरून द्यायचे हे सांगणाऱ्या अपकृत्य कायद्याला स्वतःची संहिता मात्र कधीच मिळाली नाही. इंग्लंडमधील विधिज्ञ सर फ्रेडरिक पोलॉक यांनी १८८६ मध्ये भारतासाठी अशा विधेयकाचा मसुदा तयार केला होता, पण त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. त्यामुळे हा विषय इंग्लंडच्या न्यायालयांनी घडवलेली तत्त्वे, भारतीय न्यायालयांचे निवाडे आणि मोटार वाहन, कामगार भरपाई, ग्राहक संरक्षण यांसारखे विशिष्ट कायदे यांच्यात विखुरलेला राहिला. स्पष्टपणे निषिद्ध नसलेला दिवाणी स्वरूपाचा कोणताही दावा ऐकण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाला देणारे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ९ हेच या कायद्याचे प्रवेशद्वार मानले जाते.

कायद्याने सर्वांवर घातलेल्या कर्तव्याचा भंग होऊन कोणाच्या हक्काला बाध आला, आणि त्यावरचा मुख्य उपाय न्यायालयाने परिस्थिती पाहून ठरवायची नुकसानभरपाई हा असला, तर त्या भंगाला अपकृत्य म्हणतात. करारातील कर्तव्य पक्षकार आपसांत ठरवतात, अपकृत्यातील कर्तव्य कायदा ठरवतो. गुन्ह्यात राज्य शिक्षा मागते, अपकृत्यात नुकसान सोसणारा भरपाई मागतो. आणि एकाच घटनेतून हे तिन्ही प्रश्न एकदम उभे राहू शकतात. भेसळीची पिशवी विकणारा दुकानदार ग्राहकाशी केलेला करार मोडतो, बियाणे कायद्याखाली गुन्हाही करतो आणि शेतकऱ्याप्रती असलेल्या काळजीच्या कर्तव्यातही चुकतो.

लातूरच्या बाजार समितीतील सोयाबीन-तुरीचे सौदे, तिथल्या डाळमिली आणि तेलगिरण्या, नांदेडकडची जिनिंग, हळद आणि केळीची वाहतूक, दोन्ही जिल्ह्यांतला उसाचा गळीत हंगाम, लातूरच्या खासगी शिकवण्या आणि नांदेडच्या डॉक्टर लेनमधील रुग्णालये असा या भागातील व्यवहाराचा पट आहे, आणि अपकृत्य कायद्यातील बहुतेक संकल्पना त्यात कुठे ना कुठे भेटतात. गेल्या शंभर-दीडशे वर्षांत हा कायदा 'चूक कोणाची' या प्रश्नाकडून 'धोका कोणाच्या ताब्यात होता आणि त्यातून नफा कोण मिळवत होता' या प्रश्नाकडे सरकत गेला. मराठवाड्यातील प्रश्न त्याच्याशेजारी ठेवून पाहिले, तर तत्त्व पुढे सरकले तरी पुराव्याचे ओझे पुष्कळदा जुन्याच खांद्यावर राहिल्याचे दिसते.

सर्वांत व्यापक अपकृत्य म्हणजे निष्काळजीपणा. तो सिद्ध करण्यासाठी वादीला चार गोष्टी दाखवाव्या लागतात: प्रतिवादीवर काळजी घेण्याचे कर्तव्य होते, शहाण्यासुरत्या माणसाने घेतली असती तेवढी काळजी त्याने घेतली नाही, नुकसान त्या हयगयीमुळेच झाले, आणि ते आधीच कल्पना करता येईल अशा प्रकारचे होते. उत्पादकाचे कर्तव्य त्याच्याकडून थेट माल न घेणाऱ्यापर्यंतही पोहोचते, हे तत्त्व १९३२ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन या खटल्यात घालून दिले. स्कॉटलंडमधील पेस्ली गावी एका बाईला तिच्या मैत्रिणीने घेऊन दिलेल्या पेयाच्या बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाल्याची तक्रार होती. पैसे मैत्रिणीने दिले असल्याने दुकानदाराशी त्या बाईचा करार नव्हता, आणि बाटली गडद काचेची असल्याने आत काय आहे हे पिण्यापूर्वी दिसण्याचीही सोय नव्हती. बंद बाटलीसारखा माल बाजारात सोडणाऱ्याने अखेरच्या वापरणाऱ्याचा विचार केलाच पाहिजे, असे लॉर्ड ॲटकिन यांनी ठरवले. शिवलेल्या तोंडाची, टॅग लावलेली सोयाबीनची पिशवी अगदी याच वर्गात मोडते, कारण आतले बी उगवेल की नाही हे शेतकऱ्याला ते मातीत टाकल्यावरच कळते.

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात पेरलेले सोयाबीन ठिकठिकाणी उगवलेच नाही, शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली, आणि वृत्तपत्रांतील बातम्यांची स्वतःहून दखल घेत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यावर जनहित याचिका दाखल करून घेतली. तक्रारी खासगी कंपन्यांपुरत्या नव्हत्या. राज्याच्या महाबीजच्या बियाण्याबद्दलही त्या होत्या. कारणसंबंध, म्हणजे हयगय आणि नुकसान यांच्यातील दुवा, सिद्ध करणे किती अवघड असते याचा धडाच या प्रकरणात होता. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते. मळणीयंत्राचा वेग जास्त ठेवला किंवा पोती आदळली तर आतला अंकुर दुखावतो, आणि काढणीच्या वेळी पीक भिजले तर उगवणशक्ती घटते. २०१९ च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसाने नेमके तेच केले होते. दुसऱ्या बाजूने, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्याआधी पेरले, बी खोल पडले किंवा पेरणीनंतर लगेच जमीन चिपकून वर पापुद्रा आला, तरी चांगले बीही वर येत नाही. म्हणून प्रत्येक तक्रारीत कंपनीचे उत्तर ठरलेले असते: बी चांगले होते, पेरणी चुकली.

या उत्तराला कायद्याच्या भाषेत दोन वेगळे अर्थ आहेत, आणि ते अनेकदा एकात एक मिसळले जातात. पहिला अर्थ असा की नुकसानाचे कारण बियाणे नव्हतेच. तो मान्य झाला तर दावा तिथेच संपतो. दुसरा अर्थ असा की बीही कमी प्रतीचे होते आणि पेरणीही घाईची होती. याला सहभागी निष्काळजीपणा म्हणतात, आणि त्यात दावा फेटाळला जात नाही, तर शेतकऱ्याच्या वाट्याच्या चुकीइतकी रक्कम भरपाईतून वजा होते. प्रमाणित सोयाबीनसाठी उगवणीचे किमान प्रमाण ७० टक्के ठरवलेले आहे. ते पाळले एवढ्यानेच काळजीचे कर्तव्य पूर्ण झाले असे होत नाही, कारण काढणीत भिजलेल्या हंगामाचे बी विकणाऱ्याला त्याचा धोका माहीत असतो, आणि पिशवीवर वाढीव पेरणीदराची किंवा घरी उगवण तपासण्याची ठळक सूचना देणे त्याला सहज शक्य असते. अपुरी सूचना हाही मालातला दोषच, हे तत्त्व आता २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही शिरले आहे.

पुराव्याबाबतचे दोन महत्त्वाचे निवाडे बियाण्यांचेच आहेत. पहिल्यातील कंपनी मराठवाड्यातली, म्हणजे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात सुरू केलेली महिको. सूर्यफुलाच्या बियाण्याच्या त्या प्रकरणात, प्रयोगशाळेत नमुना तपासल्याशिवाय दोष ठरवताच येत नाही असा बचाव झाला. शेतकऱ्याने आणलेले सगळे बी पेरले होते, मग नमुना आणायचा कुठून, असा प्रश्न होता. आणि त्याच लॉटचे बी कंपनीजवळ असताना तपासणीची मागणी तिने स्वतः केली नाही, याकडे बोट दाखवून सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये शेतकऱ्याच्या बाजूने कौल दिला. २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात हेच सूत्र अधिक विस्ताराने मांडले गेले: शेतकरी हा ग्राहकच आहे, पेरताना त्याने मूठभर बी तपासणीसाठी बाजूला काढून ठेवावे ही अपेक्षा अवाजवी आहे, आणि १९६६ चा बियाणे कायदा शिक्षा सांगतो पण शेतकऱ्याला भरपाई देत नाही, म्हणून ग्राहक मंचाची वाट बंद होत नाही. या दोहोंच्या मध्ये २००५ चा हरियाणा सीड्स विरुद्ध साधू हा निवाडा उभा आहे. पिकाची अवस्था वाईट दिसली एवढ्यावरून बियाणे सदोष होते असे मानता येत नाही, असे त्यात ठरले, आणि कंपन्यांचे वकील आजही त्याच्यावर भिस्त ठेवतात.

शेवटी सगळे तीन-चार कागदांवर येऊन थांबते. कृषी सेवा केंद्राच्या पावतीवर वाण आणि लॉट नंबर आहे का, रिकामी पिशवी आणि तिचा टॅग जपून ठेवला आहे का, आणि तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीने पंचनामा करताना कंपनीच्या प्रतिनिधीला बोलावले होते का व न उगवण्याचे कारण लिहिले आहे का, की नुसतेच 'उगवण कमी' असे नोंदवले आहे, यावर प्रकरणाचा निकाल ठरतो. हंगामाच्या तोंडावर उधारीने नेलेल्या पिशवीला बरेचदा पक्की पावती मिळत नाही, साध्या चिठ्ठीवर आकडा लिहिला जातो आणि हिशेब सुगीनंतर होतो. त्यामुळे ज्याला सर्वांत जास्त गरज त्याच्याच हातात सर्वांत कमी पुरावा असतो. समितीचे अधिकारी वेळेवर शेतात पोहोचले नाहीत तर दोन आठवड्यांत दुबार पेरणीचा नांगर फिरतो, आणि पुरावाही त्याखाली जातो.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० रोजी, म्हणजे सोयाबीनच्या तक्रारी ऐन भरात असताना, अंमलात आला आणि त्यात उत्पादनदायित्व हे स्वतंत्र प्रकरण प्रथमच दाखल झाले. त्यानुसार उत्पादक, सेवा देणारा आणि विक्रेता या तिघांवरही सदोष मालाने झालेल्या हानीची जबाबदारी येऊ शकते, आणि मालाबद्दल दिलेली स्पष्ट हमी खोटी ठरली तर आपण निष्काळजी नव्हतो हे सिद्ध करूनही उत्पादक सुटत नाही. वरकरणी शेतकऱ्यासाठी हा मोठा आधार वाटतो. पण त्याच कायद्याच्या कलम २(२२) मध्ये 'हानी' या शब्दाच्या व्याख्येतून खुद्द त्या मालाचे नुकसान आणि व्यापारी किंवा आर्थिक तोटा वगळलेला आहे. न उगवलेल्या बियाण्याने शेतकऱ्याचे अंग दुखावत नाही, घर पडत नाही. बुडते ते येणारे पीक, आणि ते आर्थिक तोट्यात मोजायचे की मालमत्तेच्या हानीत, हा प्रश्न या व्याख्येने उघडाच ठेवला आहे. म्हणून बियाण्याच्या प्रकरणांत नवे प्रकरण बाजूला ठेवून 'माल सदोष होता आणि विरुद्ध पक्षाने हयगय केली' या जुन्या वाटेनेच कलम ३९ खाली भरपाई मागणे अधिक सुरक्षित ठरते. नव्या कायद्याचा गाजावाजा जेवढा झाला तेवढा त्याचा उपयोग कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात होईल, असे त्यामुळे वाटत नाही.

पिशवीवर बारीक अक्षरांत छापलेली, 'कंपनीची जबाबदारी बियाण्याच्या किमतीपुरती' अशा आशयाची अट हा याच विषयाचा दुसरा कोपरा. इंग्लंडमध्ये कोबीच्या बियाण्याच्या जॉर्ज मिचेल विरुद्ध फिनी लॉक सीड्स या प्रकरणात हीच अट हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे १९८३ मध्ये आली होती. बियाण्याची किंमत सुमारे २०० पौंड आणि नुकसान ६१ हजार पौंडांहून अधिक. अट न्याय्य आणि वाजवी नाही असे ठरवून न्यायालयाने पूर्ण भरपाई कायम केली. किमतीपुरती भरपाई घेऊन शेतकऱ्याने गप्प बसावे असा आग्रह धरणाऱ्याने हा आकड्यांचा मेळ एकदा आपल्याकडच्या एकरी बियाण्याच्या खर्चाशी आणि एकरी उत्पन्नाशी घालून पाहावा.

बियाण्यात चूक शोधावी लागते. विजेच्या बाबतीत कायद्याने चुकीचा प्रश्नच मागे टाकला आहे. घातक वस्तू आपल्या जागेत आणणाऱ्याने ती निसटून झालेल्या नुकसानाची जबाबदारी, हयगय नसली तरी, उचलली पाहिजे, हे कठोर दायित्वाचे तत्त्व १८६८ च्या रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या इंग्रजी निवाड्यातून आले. तिथे गिरणीसाठी बांधलेल्या तलावाचे पाणी शेजारच्या कोळशाच्या खाणीत शिरले होते. त्या तत्त्वाला दैवी आपत्ती, तिऱ्हाइताची कृती, वादीची संमती असे अपवाद होते. दिल्लीत ४ डिसेंबर १९८५ रोजी श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळाला, तेव्हा भोपाळची दुर्घटना अवघ्या एका वर्षाची होती, आणि एम. सी. मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगांसाठी हे अपवाद काढून टाकून निरपेक्ष दायित्व स्थापित केले. वीज या दोहोंच्या मध्ये येते. मध्य प्रदेश वीज मंडळ विरुद्ध शैलकुमारी या २००२ च्या निवाड्यात रात्री सायकलवरून घरी परतणारा माणूस रस्त्यातल्या पाण्यात पडलेल्या जिवंत तारेने मरण पावला होता. कोणीतरी आकडा टाकून वीज चोरत होता, त्यामुळे तार तुटली, असा मंडळाचा बचाव होता. न्यायालयाने तो फेटाळला, कारण घातक शक्तीचा व्यवसाय करणाऱ्याने आकडे टाकले जातील हे गृहीत धरूनच व्यवस्था ठेवली पाहिजे.

नांदेड-लातूरकडच्या उसाच्या पट्ट्यात हाच प्रश्न लोंबकळणाऱ्या तारांच्या रूपाने दर हंगामात येतो. वाऱ्याने दोन तारा एकमेकींना घासतात, ठिणगी पाचटावर पडते आणि तोडणीला आलेला ऊस पेटतो. अशा वेळी मोजायचे नुकसान केवळ जळालेल्या उसाचे नसते. कारखाना जळीत ऊस नेतो, पण दरात कपात करतो, वजन घटते, आणि बुडखे जास्त होरपळले तर पुढचा खोडवाही गेला. भरपाईचे मूळ सूत्र असे की अपकृत्य घडले नसते तर वादी ज्या स्थितीत असता त्या स्थितीत पैशाच्या रूपाने त्याला आणून ठेवावे; म्हणून जळीत उसाची आलेली रक्कम वजा करून उरलेला सगळा फरक, खोडव्याच्या शक्य उत्पन्नासह, मागता येतो. आग तारेमुळेच लागली हे मात्र दाखवावेच लागते, आणि त्यासाठी तलाठ्याचा पंचनामा, विद्युत निरीक्षकाचा अहवाल आणि तारा सैल झाल्याबद्दल आधी दिलेल्या अर्जाची पोच हे तीन कागद इतर कशाहीपेक्षा उपयोगी पडतात.

नोकराने केलेल्या अपकृत्याची भरपाई मालकाने द्यायची, या तत्त्वाला प्रातिनिधिक दायित्व म्हणतात. त्यामागचा विचार असा की कामाचा नफा ज्याचा, कामातला धोकाही त्याचाच. कृत्य नोकरीच्या कामाच्या ओघात घडलेले असले पाहिजे एवढीच अट. तिचा अर्थ ठरवणारा आपल्याकडचा गाजलेला निवाडा जिनिंग कारखान्याचाच आहे. रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनीची मोटार १८ डिसेंबर १९६० रोजी तिचा व्यवस्थापक नागपूरहून पांढुर्ण्याकडे चालवत नेत असताना झाडावर आदळली आणि आत बसवून घेतलेले कापसाच्या धंद्यातील गृहस्थ मरण पावले. व्यवस्थापकाने परक्या माणसाला बसवून घेणे हे त्याचे खासगी काम, असे कंपनीचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ते नाकारले आणि दोन गोष्टी एकदम ठरवल्या: व्यवस्थापक कंपनीच्या कामावर होता म्हणून कंपनी जबाबदार, आणि रस्त्याने नीट चाललेली मोटार उलट्या बाजूला जाऊन झाडावर आदळत नसते, म्हणून घटनाच हयगय बोलून दाखवते, खुलासा चालवणाऱ्याच्या बाजूने द्यायचा. पुरावा ज्याच्या ताब्यात, खुलाशाचे ओझे त्याच्यावर, हा विचार बियाण्याच्या प्रकरणातही तोच आहे.

मराठवाड्यात मजुरांची ने-आण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून होते, आणि तिथे हे सरळ तत्त्व विम्याच्या अटींत अडकते. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेडजवळ आलेगाव शिवारात शेतमजूर महिलांना नेणारा ट्रॅक्टर विहिरीत कोसळला आणि सात महिला मरण पावल्या. त्या अपघाताचा दोष कोणाचा हा इथला विषय नाही. अशा अपघातांत भरपाई कोणी द्यायची हा आहे. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी उतरवलेला असतो, ट्रॉलीत बसलेल्यांची जोखीम त्यात बहुधा नसते, आणि वीटभट्टीसाठी माती वाहणे हे शेतीकाम नव्हे असे ठरल्याने सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या ब्रिजमोहन प्रकरणात विमा कंपनीला मुळात जबाबदार धरले नाही. मात्र राज्यघटनेच्या कलम १४२ खालील अधिकार वापरून 'आधी जखमी मजुराला द्या, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश दिला. अशी मदत प्रत्येक न्यायाधिकरणाला देता येत नाही, आणि अडीच एकरांच्या मालकाकडून वसुली कशी होणार हा प्रश्न उरतोच.

ऊसतोड आणि जिनिंगमध्ये मुकादम मध्ये येतो. मजुरांची टोळी मुकादमाची, उचल मुकादमाने दिलेली, मग आमचा संबंध काय, असे कारखाना म्हणतो. स्वतंत्र कंत्राटदाराच्या हयगयीबद्दल काम देणारा सामान्यतः जबाबदार नसतो हे खरे, पण काम मुळातच धोक्याचे असेल तर कर्तव्य दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. आणि १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या कलम १२ ने तर, काम मुख्य मालकाच्या धंद्याचाच भाग असेल तर कंत्राटदाराच्या मजुराचीही भरपाई मुख्य मालकानेच द्यायची, नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायची, असे शंभर वर्षांपूर्वीच सांगून ठेवले.

रुग्णालयांचा प्रश्न मोठा आहे, पण त्याची चौकट आता बरीच स्थिर झाली आहे. १९९५ च्या व्ही. पी. शांता निवाड्याने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, आणि डॉक्टरची काळजी त्याच्या शाखेतील साधारण कौशल्याच्या डॉक्टरच्या मापाने मोजायची हे माप २००५ च्या जेकब मॅथ्यू निवाड्याने पक्के केले. मराठवाड्याचे स्वतःचे प्रकरण अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे आहे. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १३ जुलै १९६३ रोजी कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि २४ जुलैला ती मरण पावली. दिवाणी न्यायालयाने ३६ हजार रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पुन्हा बहाल केले. पोटात टॉवेल राहणे यालाच हयगयीचा पुरावा मानून, आणि रुग्णालय चालवणे हे काही राज्याचे सार्वभौम कार्य नव्हे असे सांगून. त्या मुद्द्यावर हा निवाडा आजही पहिला दाखला म्हणून पुढे केला जातो.

नुकसान झाले म्हणजे अपकृत्य झालेच असे नाही, हे तत्त्व समजून घ्यायला लातूरएवढे योग्य ठिकाण क्वचित सापडेल. १४१० मध्ये इंग्लंडच्या ग्लॉस्टर गावात जुन्या शाळेसमोर एका शिक्षकाने नवी शाळा काढली आणि जुन्या शाळेला फी ४० पेन्सवरून १२ पेन्सवर आणावी लागली. न्यायालयाने भरपाई नाकारली, कारण हक्कालाच बाध आला नव्हता, फक्त गिऱ्हाईक गेले होते. नामांकित क्लासमधला भौतिकशास्त्राचा शिक्षक बाहेर पडून समोरच्या इमारतीत स्वतःचा क्लास काढतो, तेव्हा तोच निवाडा लागू होतो. आणि नोकरी सोडल्यावर ठरावीक वर्षे शहरात शिकवणार नाही असे त्याच्याकडून लिहून घेतले असले, तरी करार कायद्याच्या कलम २७ खाली ते बंधन सामान्यतः निरर्थक ठरते. करार चालू असताना मात्र प्रतिस्पर्ध्याने जाणूनबुजून त्याला तो मोडायला लावले, तर १८५३ च्या लम्ली विरुद्ध गाय निवाड्याने मान्य केलेले करारभंगास प्रवृत्त करण्याचे अपकृत्य घडते. भरसत्रात शिक्षक पळवण्याच्या तक्रारी त्याखाली येऊ शकतात.

स्पर्धेची मर्यादा ओलांडली जाते ती दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवण्यात. यासाठी वादीला आपल्या नावाची बाजारात असलेली पत, प्रतिवादीने निर्माण केलेला घोटाळा आणि त्यातून होणारे नुकसान हे तीन मुद्दे दाखवावे लागतात. नाव नोंदलेले नसले तरी चालते, कारण १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम २७(२) ने हा जुना उपाय कायम ठेवला आहे. मिळते-जुळते नाव, तोच रंग, त्याच आकाराची पिशवी हे बियाणे, तूरडाळ, मिरचीपूड या सगळ्यांत चालते, आणि अशा वेळी भरपाईपेक्षा मनाई हुकूम लवकर मिळवणे अधिक मोलाचे. यशस्वी विद्यार्थ्याचा एकच फोटो दोन-तीन क्लासच्या फलकांवर झळकतो, त्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी क्षेत्रासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. विद्यार्थ्याची निवड झाल्यानंतर घेतलेली लेखी संमती आणि त्याने नेमका कोणता अभ्यासक्रम केला याची नोंद त्यांत आवश्यक ठरवली आहे. एखाद्या व्यापाऱ्याच्या मालात भेसळ असल्याचा खोटा संदेश फोनवरून पसरवणे हे अब्रुनुकसानीत येते, आणि सत्य हा तिथे पूर्ण बचाव आहे.

उपद्रव या अपकृत्याबद्दल थोडक्यात एवढेच, की शेजाऱ्याच्या जागेच्या उपभोगाला लक्षणीय बाधा यावी लागते, नाजूक मनाला झालेला त्रास पुरत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दवाखान्याशेजारच्या विटांचा चुरा करणाऱ्या यंत्राची धूळ हा उपद्रव मानला. दाट वस्तीतल्या डाळमिलीच्या टरफलाच्या धुळीला किंवा जिनिंगच्या रुईच्या तंतूंना तोच नियम लागतो, आणि मिल आधीची की घरे आधीची हा वाद त्यात निर्णायक ठरत नाही. दुसऱ्याचा माल विनाहक्क विकून टाकणे हेही अपकृत्यच, मग विकत घेणारा आडत्या कितीही निष्कपट असो. गोदामातून चोरलेले सोयाबीन पट्टी करून घेतलेल्याला मूळ मालकाला किंमत द्यावीच लागते.

दावा कुठे लावायचा यावर बाकीचे पुष्कळ अवलंबून असते. दिवाणी न्यायालयात मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात न्यायालयीन शुल्क भरावे लागते. जिल्हा ग्राहक आयोगाची मर्यादा मात्र मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर मालासाठी दिलेल्या किमतीवर ठरते, ती आता ५० लाख रुपये आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या किमतीला शुल्क नाही. काही हजारांची पिशवी घेणारा शेतकरी लाखांच्या पिकाची भरपाई एक पैसाही शुल्क न भरता मागू शकतो, तो यामुळे. मुदत तिथे दोन वर्षांची, अब्रुनुकसानीच्या दिवाणी दाव्याला एकाच वर्षाची. शुल्काचे हे गणित पाहता या भागातील असे वाद आयोगांकडे आणि मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे वळणे स्वाभाविकच आहे. परंतु जिल्हा आयोगांचे आदेश कायदेविषयक नियतकालिकांत क्वचित छापले जातात, आणि सोयाबीनच्या उगवणीबद्दल एका आयोगाने मान्य केलेला पंचनाम्याचा नमुना शेजारच्या जिल्ह्यातल्या वकिलाला सहसा माहीतही नसतो.